आधी टेकू, मग कटर

आमच्या फियाटचा चालकाच्या बाजूचा दरवाजा लावायची एक खास पद्धत होती. हँडल धरून दरवाजा बोटभर वर उचलायचा आणि तसाच उचललेला ढकलायचा. मग ‘खट्’ व्हायचं. न उचलता लावला तर त्याचा वरचा मागचा कोपरा खांबाला घासायचा आणि दरवाजा अर्ध्यात अडकायचा. सात वर्षं आम्ही तो असा लावला. पाहुणे हात घालायला गेले की मी म्हणायची, “थांबा, त्याला आमच्या हाताची सवय आहे.” म्हातारीचे नखरे म्हणून सगळे कौतुकानं हसायचे.

नखरे कसले! गाडी वाकडी जोडली गेली होती, आणि ती वाकडी जोडली जात असताना मी तिथंच प्लास्टिकच्या स्टुलावर बसून चहा पीत होते.

हे सांगायला लाज वाटते, कारण माझं पोट टेकू देण्यावरच चाललं. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर इथल्या जुन्या चाळी दुरुस्त करण्यात माझी ३१ वर्षं गेली. कुजलेली तुळई बदलायची तर तिच्यावरचा मजला आधी टेकूंवर घ्यायचा, पाचरी बसवायच्या आणि मगच तुळईला करवत लावायची, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायची. घरच्या गाडीच्या बाबतीत मात्र पत्रा तो पत्रा, कुजला की कापायचा, नवा लावायचा, एवढंच डोक्यात होतं.

गाडी १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी ती १९८३ मध्ये जुनी घेतली. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची त्यांची तयारी नव्हती. घरात तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही, ती फियाटच. २०१२च्या पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं की मागच्या सीटवर बसलं की पायाखाली मऊ लागतंय. रबरी मॅट उचलली. खालचा गोणपाट भिजून काळा पडला होता आणि त्याखाली फ्लोअरच्या पत्र्यातून रस्ता दिसत होता. दरवाजाखालच्या पेटीत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला तर मुठीपर्यंत आत गेला.

या पेटीवरच हा सगळा लेख आहे. इंग्रजीत तिला सिल म्हणतात, गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात, मी उंबरा म्हणते, कारण तो गाडीचा उंबराच आहे. पुढच्या चाकाच्या मागून निघून मागच्या चाकाच्या पुढ्यात संपणारी, मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यांची लांब पोकळ पेटी. तिला गंज का लागतो याचं उत्तर सोपं आहे. पाणी आत येतं आणि बाहेर जात नाही. काचेच्या वाळलेल्या रबरातून ते झिरपतं, पुढच्या चाकानं उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या कोनाड्यात साठून ओला राहतो, आणि उंबऱ्याच्या तळाला पाणी निघायला ठेवलेली भोकं कुणीतरी प्रेमानं डांबराचा थर देताना बुजवलेली असतात.

आता जीप किंवा ट्रकखाली वाकून पाहा. दोन लांब जाड पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतील. शिडीसारखी ही चेसी सगळं वजन उचलते. इंजिन तिच्यावर, चाकं तिला, आणि वरची बॉडी बोल्टांनी बसवलेली. अशा गाडीचा पत्रा कापला तरी खाली शिडी शाबूत असते. फियाटखाली वाकलात तर ही शिडी सापडणार नाही. तिथं बॉडी हीच चेसी. ट्युरिनच्या लान्चिया कंपनीनं १९२२ मध्येच लॅम्ब्डा या गाडीत वेगळी चेसी काढून टाकली होती. त्याच गावातल्या फियाटनं अशी पहिली गाडी, १४००, आणली ती १९५० मध्ये. तीन वर्षांनी दान्ते जाकोझा या अभियंत्याच्या देखरेखीखाली बनलेली ११००/१०३ आली, आणि तिचा वंश वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे कितीतरी वर्षं चालला. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात थांबली, तीही याच सांगाड्याची. अॅम्बॅसडरला तरी चेसी असते, असं पैजेवर सांगणारे लोक मला भेटलेत. तीही याच जातीची आहे. पैज लावू नका.

मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण काढा आणि समोरासमोरचे कोपरे उलट दिशांनी पिळा. खोका फडक्यासारखा पिळला जाईल. आता झाकण लावून कडेनं चिकटपट्टी मारा आणि पिळून पाहा. पुठ्ठा तोच, पण हात दुखतील. पातळ पत्र्याच्या गाडीला ताकद मिळते ती अशी, सगळ्या बाजू एकमेकींना जखडलेल्या असल्यामुळे. पण माणसांना आत-बाहेर करायचं तर या खोक्याला चार मोठी भगदाडं पाडावी लागतात. दरवाजे म्हणजे ती भगदाडं, आणि दरवाजा स्वतः काहीही उचलत नाही, तो बिजागरीवर लटकलेला असतो. वजन पेलायला उरतं काय? वर छप्पर, खाली उंबरा आणि त्यांना जोडणारे खांब. चाळीच्या भाषेत सांगायचं तर ही अख्खी बाजू म्हणजे एक तुळई आहे. वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते. उंबरा काढला की खालची कडच गेली. फियाटला निदान छप्पर तरी आहे. ब्रिटनच्या एमजीबीसारख्या उघड्या गाडीत तेही नाही, सगळी मदार उंबऱ्यावर. तिचे उंबरे बिनटेकूचे कापले तर गाडी मधोमध मिटू लागते.

आमचं काय झालं ते आता कळेल. गंज सापडल्यावर ज्या पहिल्या गॅरेजात गाडी दिली, तिथं ती पुढे इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर जॅक लावून आणि मागे अॅक्सलखाली दोन घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, ठेवून उचलली होती. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांत अंतर आहे २,३४० मिलिमीटर. वजन ९०० किलोच्या आसपास. म्हणजे साडेसात फुटांहून लांब तुळई, आधार दोन टोकांना, मधे हवा. आणि एका सकाळी त्यांनी दोन्ही उंबरे कापून काढले. दोन्ही! चाळीत माझ्या माणसानं असं केलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली पिटाळलं असतं. इथं मी दुसरा चहा मागवला.

मोठा आवाज होत नाही, काही तुटत नाही, हीच यातली फसवणूक. गाडीचा मध्य हळूच बसतो. आमचा दीड सूत बसला असावा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार आणि डेंटर दोघांचंही हे लाडकं माप. मध्य खाली बसला की पुढचा आणि मधला खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. दरवाजाची फट वर निमुळती होते, खाली रुंद. तशा बसलेल्या गाडीला त्यांनी नवे उंबरे जोडले, गॅसनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. वेल्डिंग थंड झालं तेव्हा गाडीचा बाक कायमचा झाला. जुना गंजका उंबरा निदान खरं बोलत होता, नव्या मजबूत उंबऱ्यानं खोटं पक्कं केलं. मग दरवाजा बसेना म्हणून बिजागऱ्या ठोकल्या, दरवाजाची कड घासली, लांबी भरली, रंग मारला. बिल झालं आणि वर हारही घातला गाडीला.

सात वर्षांनी, पनवेलजवळच्या एका शेडमध्ये, साठी उलटलेले एक मिस्त्री भेटले. मूळचे चिपळूणचे. त्यांनी दरवाजा एकदाच उघडला-लावला आणि विचारलं, “ताई, कापताना गाडी कशावर उभी होती?” मला त्याच क्षणी कळलं की मी काय केलं होतं. इतकी वर्षं समोर दिसणारी तिरकी फट मी इमारतीत पाहिली असती तर पाच मिनिटांत कारण सांगितलं असतं.

मिस्त्रींनी दोन दिवस कटरला हात लावला नाही. पहिल्या दिवशी ते ओळखीच्या एका माणसाची धडधाकट पद्मिनी घेऊन आले. आमच्या गाडीची मूळ मापं आता गाडीत उरलीच नव्हती, ती दुसरीकडून आणावी लागणार होती. त्यांच्याकडे मापायला दुकानात मिळणारं काही नव्हतं. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, टोकांना अणकुचीदार खिळे, मधे घट्ट करायला स्क्रू, बस्स. दरवाजाच्या चौकटीत तिरकी दोन मापं घ्यायची, वरच्या बिजागरीच्या बोल्टपासून मधल्या खांबाच्या पायापर्यंत आणि पुढच्या खांबाच्या पायापासून कुलपाच्या पट्टीपर्यंत. मग बॉडीखालच्या ठरावीक बोल्टांपासून ओळंबा सोडून लादीवर खडूच्या फुल्या मारायच्या, गाडी बाजूला घ्यायची आणि फुल्यांमधली तिरकी अंतरं मोजायची. डावी-उजवी तिरकी अंतरं सारखी आली तर गाडी वरून पाहता काटकोनात आहे. उंचीसाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी, आमच्या बांधकामावर असते तीच. मी ओळंबा धरायला पुढे झाले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “तुमचा हात बसलेला दिसतो.” त्या दिवशी मला तेवढीच दाद मिळाली.

मापं नेहमी गाडी चाकांवर उभी असताना घ्यायची. कारण उचलली की आकार बदलतो. आधार टोकांना दिला तर मध्य बसतो हे आपण पाहिलं. आधार नुसता मधे दिला तर उलटं होतं, पुढून इंजिन आणि मागून लोंबणारा अॅक्सल टोकं खाली ओढतात, फट वर रुंद आणि खाली निमुळती होते. म्हणून मिस्त्रींनी इंजिन, गिअरबॉक्स, सीटा, काचा आणि पेट्रोलची टाकी उतरवली. वजन जितकं कमी तितकी गाडी कमी चळते. काचा तशाही काढायच्याच असतात, पीळ बसला तर समोरची काच तडकते, ठिणग्या तिच्यावर कायमचे डाग पाडतात. आणि वेल्डिंगच्या जवळपास पेट्रोल का नको, हे सांगायला नको.

मग घोड्या. दोन पुढे, जिथं सस्पेन्शनचं वजन बॉडीत शिरतं त्याच्या लगेच मागे. दोन मागे, स्प्रिंगच्या पाट्यांची पुढची टोकं जिथं बसवलेली असतात तिथं. कंपनीनं गाडी याच जागांवर चाकांना सोपवलेली असते, म्हणून त्या जाड केलेल्या असतात. आणखी दोन मधे, फ्लोअरखालच्या आडव्या पट्टीला, वर रुंद लाकडी ठोकळा ठेवून. पातळ पत्र्याला थेट घोडी लावली तर ती पत्रा वर ढकलते आणि आपल्याला वाटतं आधार मिळाला. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे अजिबात नकोत. लाकूड मोडण्याआधी करकरतं, दबतं, माणसाला बाहेर सरकायला वेळ देतं. सिमेंटचा ठोकळा न सांगता फुटतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालणाऱ्याबद्दल मी काही लिहीत नाही.

टेकूबद्दलचा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, कारण तो माझाही होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी भुलेश्वरच्या एका चाळीत जास्त सुरक्षित म्हणून टेकूखाली पाचरी चांगल्या ठोकून घेतल्या. वरच्या बिऱ्हाडातली लादी फुटली, देव्हाऱ्याजवळचीच. त्या आजींनी मला जे ऐकवलं त्यात एक वाक्य खरं होतं: “तुला धरायला सांगितलं होतं, ढकलायला नाही.” गाडीलाही धरायचंच असतं. निरोगी सांगाडा आहे त्या आकारात धरायचा. आमच्या गाडीला आधी तो आकार परत द्यायचा होता, म्हणून मिस्त्रींनी उंबऱ्याचं जुनं सलग वेल्डिंग मोकळं केलं आणि मधल्या जॅकचा दांडा पाव-पाव फेऱ्यानं फिरवत, प्रत्येक वेळी मापाची नळी लावत, मध्य वर घेतला. माप दुसऱ्या पद्मिनीशी जुळल्यावर घोडीखाली पत्र्याच्या चकत्या सारल्या आणि जॅक सैल केला.

पण घोड्या फक्त खाली जाणं थांबवतात. चौकटीनं तिरकं होणं थांबवायला आतून बांधावं लागतं. इंची चौकोनी नळीचे तुकडे मिस्त्रींनी पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत आडवे लावले, एक तिरका लावला, आणि डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत गाडीच्या पोटातून एक. तिरका तुकडा सगळ्यांत महत्त्वाचा. चार काठ्यांचा चौकोन कलंडतो, तीन काठ्यांचा त्रिकोण कलंडत नाही. खुर्चीला तिरकी पट्टी मारणाऱ्या सुताराला हे पाठ असतं. नळ्या त्यांनी चौकटीच्या तोंडावर न लावता वीतभर आत लावल्या. मी कारण विचारलं. “दरवाजा लावून बघायचा ना मधे मधे,” ते म्हणाले. हे मला सुचलं नसतं. दरवाजा हेच खरं माप. तो काढून ठेवून उंबरा जोडणारा डेंटर डोळे मिटून शिवणारा शिंपी आहे.

कापाकापी आधी डाव्या बाजूची. ती पूर्ण होऊन थंड होईपर्यंत उजवी जशीच्या तशी. बाहेरचा पत्रा काढताना आतला जागेवर, आतला बदलून झाला की मग बाहेरचा. जुने स्पॉट वेल्ड छन्नीनं फाडण्याऐवजी ड्रिलनं सोडवले, म्हणजे खालची कड वाचते. नवा उंबरा शिकंजा आणि स्क्रूंवर नुसता धरला, दरवाजा टांगला, लावला, आणि पाच मिलिमीटर जाडीची प्लायवूडची चिपटी फटीतून सगळीकडे फिरवली. एका जागी अडकली. स्क्रू सैल केले, उंबरा सरकवला, पुन्हा चिपटी. असं सहा वेळा. सातव्या वेळी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे नुसते ठिपके, मारले, परत दरवाजा लावला, आणि मगच सीओटूचं वेल्डिंग सुरू झालं, तेही इंचभर इथं, इंचभर तिथं, हाताला चटका बसेनासा होईपर्यंत थांबत. कारण साधं आहे. मीटरभर पोलाद १०० अंशांनी तापलं की सव्वा मिलिमीटरच्या जवळपास लांबतं, आणि वेल्डिंगच्या ठिकाणी पोलाद वितळलेलं असतं, म्हणजे दीड हजार अंशांच्या आसपास. थंड होताना ते आजूबाजूच्या पत्र्याला ओढतं. सलग ओढलेली शिवण सगळी ओढ एकाच दिशेनं लावते. टेकू कितीही चांगला असो, आत कोंडलेली ती ओढ तो सोडताच बाहेर पडते.

टेकू सोडायलाही म्हणूनच घाई नको. आमच्या चाळींच्या कामात सिमेंट पक्कं होईपर्यंत थांबावं लागतं. इथं मिस्त्री एक रात्र थांबले, मग नळ्या एकेक करून कापल्या आणि प्रत्येक नळीनंतर तिरकी मापं घेतली. शेवटची नळी निघाली तेव्हा माप अर्ध्या मिलिमीटरनं हललं. मिस्त्री खूश दिसले नाहीत, पण म्हणाले, “चालेल.”

गाडी चाकांवर आली, इंजिन बसलं. मी सवयीनं हँडल धरून दरवाजा उचलला आणि ढकलला, तर तो आता उचलल्यामुळे अडला. सोडून लावला, लागला. आई ८६ वर्षांची आहे, ती अजूनही उचलूनच लावते.

सगळ्या कामाला सात आठवडे लागले. त्यातलं प्रत्यक्ष वेल्डिंग चार दिवसांचं. उरलेला वेळ मोजण्यात, बांधण्यात आणि थांबण्यात गेला, आणि मजुरीचं बिल पाहून धाकट्या भावानं नेमकं तेच विचारलं, मोजायचे इतके पैसे? मोजायचेच पैसे असतात. पत्रा स्वस्त आहे.

तुमच्याकडे जुनी फियाट, अॅम्बॅसडर किंवा कुठलीही बिनचेसीची गाडी असेल, तर ती डेंटरकडे देण्याआधी सपाट जमिनीवर चाकांवर उभी करा आणि चारही दरवाजांच्या फटी वर, मधे, खाली मोजून, तारीख घालून कागदावर लिहून ठेवा. टेप लागेल आणि अर्धा तास. कागदाची एक प्रत डेंटरला द्या. आणि मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, उंबऱ्याखालची भोकं तारेनं मोकळी करा.